नाव खेडच्या यादीत, सरपंचपद माणमधलं: उभं राहता येतं का?

विचारणाऱ्यांची परिस्थिती अशी. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. आई-वडील, वडिलोपार्जित घर आणि थोडी जिरायत जमीन तिथंच. हे स्वतः चौतीस वर्षांचे, चाकणला कारखान्यात नोकरीला, बायकामुलांसह भाड्याच्या घरात. काही वर्षांपूर्वी मतदार यादीतलं नाव त्यांनी तिकडं, खेड आळंदी मतदारसंघात नेलं. आता गावात सरपंचपदाची थेट निवडणूक लागणार अशी कुजबुज आहे आणि तरुण मंडळी म्हणतायत तुम्हीच उभे राहा. दुसरा गट म्हणतोय, तो पुण्याचा झाला, त्याचा अर्ज छाननीतच उडवू. त्यांनी विचारलंय की गावात घर आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, वर रहिवासी दाखला किंवा डोमिसाइल काढलं तर जमेल का? आणि हे जमलं नाही, तर पुढं जिल्हा परिषद किंवा आमदारकीचं काय?

तालुका आणि जिल्हा कोर्टात निवडणुकीचे दावे चालवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. आधी सरळ उत्तर देतो. आज आहे त्या स्थितीत तुम्हाला स्वतःच्या गावचा सरपंच होता येणार नाही. मात्र याच स्थितीत, एकही कागद न बदलता, तुम्ही माण विधानसभेचा अर्ज भरू शकता. माढा लोकसभेचाही भरू शकता. ऐकायला विचित्र वाटतं, पण कायदा तसाच आहे.

आपल्याकडे उमेदवाराला थेट ‘तू कुठं राहतोस’ असं कोणताच निवडणूक कायदा विचारत नाही. तो विचारतो, तुझं नाव कुठल्या मतदार यादीत आहे. लोकसभेला भारतातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की पुरे. विधानसभेला त्याच राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव लागतं. जिल्हा परिषदेला त्या जिल्ह्यातल्या यादीत, महापालिकेला त्या शहराच्या यादीत आणि ग्रामपंचायतीला त्या गावच्या यादीत. पद जितकं खालचं, तितका पत्ता घट्ट.

लोकसभेच्या या मोकळीकीची उदाहरणं आपल्याला नवी नाहीत. पुण्याचे मधु लिमये बिहारमधून, मुंगेर आणि बांक्यातून निवडून गेले. जॉर्ज फर्नांडिस जन्मानं मंगळूरचे. ते १९६७ ला दक्षिण मुंबईतून जिंकले आणि १९७७ ला तुरुंगात असताना मुझफ्फरपूरमधून. पी. व्ही. नरसिंह राव १९८४ आणि १९८९ असे दोनदा आपल्या रामटेकचे खासदार होते आणि गुलाम नबी आझाद १९८० ला वाशिममधून निवडून आले होते. त्याही आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत पोचले ते बंगालमधून. ‘बाहेरचा उमेदवार’ हा प्रचारातला मुद्दा आहे, कायद्यातला नाही.

राज्यसभेला मात्र एके काळी राज्याची अट होती. उमेदवार त्या राज्यातल्या यादीतला मतदार असावा लागे, आणि त्यासाठी दिल्लीतले पुढारी दूरच्या राज्यात भाड्याची खोली दाखवत. सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण डॉ. मनमोहन सिंग यांचं. आसाममधून राज्यसभेवर जाताना त्यांचा पत्ता गुवाहाटीतल्या एका भाड्याच्या घराचा होता आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद चालला. २००३ मध्ये संसदेनं ती अटच काढली. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी त्या दुरुस्तीला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये ते फेटाळलं आणि राज्यसभेच्या सदस्यानं त्याच राज्यात राहिलं पाहिजे अशी संविधानाची सक्ती नाही असं सांगितलं. म्हणून २०२२ मध्ये उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी महाराष्ट्रातून राज्यसभेवर जाऊ शकले.

विधानसभेची राज्याची अट मात्र पक्की आहे, आणि ती सीमाभागात बोचते. चंदगडच्या यादीत नाव असलेला मराठी माणूस बेळगावात कितीही काम करत असला, तरी तिथल्या विधानसभेला उभा राहू शकत नाही. नाव आधी कर्नाटकातल्या यादीत हवं.

आता तुमच्या गावाकडे येऊ. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम १३ सांगतं की गावच्या मतदार यादीत नाव आहे आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी वय २१ पूर्ण आहे, असा माणूस अपात्र नसेल तर त्या गावच्या कुठल्याही प्रभागातून निवडून येण्यास पात्र आहे. थेट सरपंचालाही गावच्या यादीतलं नाव लागतंच. सातबारा, घराचा आठ-अ, रेशनकार्ड, तलाठ्याचा किंवा ग्रामसेवकाचा रहिवासी दाखला, यातलं काहीही यादीतल्या नावाची जागा घेऊ शकत नाही. डोमिसाइलचा तर इथं संबंधच नाही. ते राज्याचं असतं आणि शिक्षण-नोकरीसाठी काढतात. गावचं डोमिसाइल असा प्रकार अस्तित्वात नाही. तरी दर निवडणुकीत सेतू केंद्रावर त्यासाठी रांग लागते आणि लोक पैसे घालवतात.

म्हणजे सगळा प्रश्न यादीत येऊन थांबला. त्या यादीत नाव कसं येतं, ते नीट समजून घ्या, कारण पुढचे खटले इथंच पेटतात.

ग्रामपंचायतीची वेगळी यादी कुणी बनवत नाही. विधानसभेची यादी राज्य निवडणूक आयोग एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतो आणि प्रभागांत फोडतो. २०२५ च्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्या तारखेनंतर विधानसभेच्या यादीत नाव आलं, तरी त्या निवडणुकीपुरता त्याचा उपयोग शून्य. प्रारूप प्रभाग यादी लागली की लोक हरकती घेऊन धावतात, पण त्या वेळी फक्त लेखनिकाच्या चुका, चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव, किंवा विधानसभेच्या यादीत असून प्रभागात सुटलेलं नाव एवढंच दुरुस्त होतं. नवं नाव घालणं किंवा असलेलं काढणं राज्य आयोगाच्या हातात नाही. ते काम मतदार नोंदणी अधिकाऱ्याचं, म्हणजे भारत निवडणूक आयोगाच्या यंत्रणेचं. निवडणूक जाहीर झाल्यावर पळापळ करणाऱ्या बहुतेकांना माझ्याकडून नकार ऐकावा लागतो तो यामुळेच.

विधानसभेच्या यादीत नाव येण्याची अट १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. वय १८ आणि त्या मतदारसंघात ‘सर्वसाधारण रहिवासी’ असणं. वयाची गणना २०२१ च्या दुरुस्तीनंतर वर्षातून चार तारखांना होते: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. राहण्याविषयी कलम २० दोन गोष्टी स्पष्ट सांगतं. एक, नुसतं घर मालकीचं किंवा ताब्यात आहे म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. दोन, तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं रहिवासीपण जात नाही.

दुसऱ्या वाक्यात आपल्याकडचे लाखो लोक बसतात. बीडचा ऊसतोड मजूर कोयता घेऊन चार-सहा महिने कारखान्याच्या पट्ट्यात असतो, पण हंगाम संपला की गावीच येतो. त्याचं नाव गावातच राहायला हवं. नवी मुंबईच्या बाजारात माथाडी काम करणारे आपल्या साताऱ्याकडचे कितीतरी लोक गाळ्यावर किंवा चार जणांच्या खोलीत राहतात आणि कुटुंब गावी असतं. त्यांच्याबाबत वाद होऊ शकतो, पण बाजू मांडायला जागा आहे.

तुमच्याबाबत पहिलं वाक्य आडवं येतं. बायको चाकणला, मुलांची शाळा चाकणला, गॅसचं कनेक्शन चाकणला आणि गावी येणं सुट्टीला, यात्रेला. घर गावात आहे हे खरं, पण कलम २० म्हणतं तेवढं पुरेसं नाही. डॉ. सिंग यांच्याच प्रकरणात गुवाहाटी उच्च न्यायालयानं १९९९ मध्ये म्हटलं होतं की सर्वसाधारण रहिवासी म्हणजे तिथं नेहमीचा, टिकाऊ स्वरूपाचा राहणारा, पाहुण्यासारखा येऊन जाणारा नव्हे. नोंदणी अधिकारी व्यवहारात साधी गोष्ट बघतात: रात्री माणूस झोपायला कुठं असतो?

मग करायचं काय? तुमचं नाव आधीच एका यादीत असल्यामुळे नवा मतदार म्हणून सहा नंबरचा अर्ज भरू नका. २०२२ पासून तो फक्त पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी आहे. स्थलांतराला आठ नंबरचा अर्ज. त्यानं एकाच कारवाईत खेडमधलं नाव कमी होतं आणि माणमध्ये येतं. हे लोक टाळतात. ‘तिकडचं राहू दे, इकडं नवं काढू’ म्हणतात आणि दुबार होतात. एकाच वेळी दोन मतदारसंघांत नाव असायला १९५० च्याच कायद्याच्या कलम १७ ची बंदी आहे. आणि सहा नंबरच्या अर्जावर ‘माझं नाव अन्य कुठं नाही’ असं लिहून दिलं, तर खोट्या घोषणेबद्दल कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. २०२५ च्या निवडणुकांच्या वेळी ‘दुबार’ हा शब्द घराघरात पोचला. राज्य आयोगानं अशा संशयित नावांपुढं दोन तारे छापले आणि मतदान कुठं करणार ते त्यांच्याकडून लिहून घेतलं. ज्याला उमेदवार व्हायचंय त्यानं आपल्या नावापुढं ते तारे येऊ देऊ नयेत.

दुबार नाव असलेल्याचा अर्ज थेट बाद होतो का, हे राज्याराज्याच्या कायद्यावर ठरतं. उत्तराखंडात पंचायत कायदाच सांगतो की एकाहून अधिक यादीत नाव चालणार नाही. तिथल्या राज्य आयोगानं तरी ‘एवढ्यावरून अर्ज बाद करू नका’ असं परिपत्रक काढलं. २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली आणि आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, तर तिथं याचिका तर फेटाळलीच, वर दोन लाखांचा खर्च बसला. आपल्याकडे छाननीत साधारणपणे गावच्या यादीतलं नाव बघून अर्ज मंजूर होतो, पण पुढच्या कज्ज्याला आयतं इंधन मिळतं. शिवाय दोन ठिकाणी मतदान केल्याचं निघालं, तर तो वेगळा गुन्हा.

तुम्ही आठ नंबरचा अर्ज दिलात की दुसरा गट हरकत घेईल, हे गृहीत धरा. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणारा कर्मचारी, घरी येईल. पंचनामा होईल. शेजारी काय सांगतो ते लिहून घेतलं जाईल. त्या वेळी तुम्ही खरोखर गावी राहायला आलेला असाल तर घाबरायचं कारण नाही: मुलांचा शाळेचा दाखला, गॅस हस्तांतर, वीजबिल, नोकरी सोडल्याचा किंवा बदलीचा कागद, जे असेल ते द्या. खरोखर आलेला नसाल, तर अर्ज करू नका. हा सल्ला अनेकांना आवडत नाही. कोकणात आणि आपल्या पश्चिम घाटाकडच्या गावांत मुंबईकरांची नावं सर्रास गावच्या यादीत असतात, मतदानाच्या आदल्या रात्री गाड्या भरून येतात आणि कुणी बोलत नाही, हे मलाही माहीत आहे. पण मतदार म्हणून खपतं ते उमेदवार झाल्यावर खपत नाही. उभं राहिलात की तुमची प्रत्येक सही कुणीतरी भिंगातून बघणार.

आता त्या ‘छाननीतच उडवू’ या धमकीबद्दल. नाव यादीत नसेल तर त्यांना काही करावंच लागणार नाही, निवडणूक निर्णय अधिकारीच अर्ज बाद करेल. पण नाव यादीत रीतसर आलं असेल, तर ‘हा इथं राहत नाही’ ही हरकत छाननीच्या टेबलावर चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं हा मुद्दा हरिप्रसाद मुळशंकर त्रिवेदी विरुद्ध व्ही. बी. राजू या गुजरातमधल्या राज्यसभा निवडणुकीच्या प्रकरणात १९७३ सालीच मिटवला. कोण कुठला सर्वसाधारण रहिवासी आहे हे ठरवायचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याचा. यादी अंतिम झाल्यावर निवडणूक याचिकेत तीच नोंद उकरून ‘तो तिथला नव्हताच’ असं सिद्ध करता येत नाही. पुढं २००० मध्ये बिहारच्या विधान परिषदेच्या एका प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं गेलं. १९५१ च्या कायद्यातही यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत हा मतदार असल्याचा निर्णायक पुरावा धरला आहे. माझ्याकडे हरलेले उमेदवार फोटोंचा गठ्ठा घेऊन येतात, याचं घर बंद असतं, याची मुलं पुण्यात शिकतात. हे सगळं यादीवर हरकत घ्यायच्या मुदतीत आणलं असतं तर कामाचं होतं.

रहिवासाचा खरा काच या कायद्यात निवडून आल्यानंतर बसतो, आणि याची गावात फारशी कुणाला कल्पना नसते. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ४० बघा. सदस्य सलग चार महिन्यांहून जास्त गावाबाहेर राहिला आणि पंचायतीनं त्याला रजा दिलेली नसेल, तर त्याचं सदस्यत्व जातं. सलग सहा महिने परवानगीशिवाय सभांना गैरहजर राहिला, तरी जातं. खासदार-आमदारांना कायद्यानं उलट सवलत दिली आहे. सभागृहाच्या कामासाठी मतदारसंघाबाहेर राहिले म्हणून त्यांचं रहिवासीपण जात नाही. गावच्या कारभाऱ्याला अशी मुभा नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. पाण्याचा टँकर कधी आला नि कुठल्या वस्तीवर गेला नाही, हे चाकणहून फोनवर कळत नाही.

सरपंचावर आणखी एक ओझं. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. पुरेसं कारण नसताना चुकवल्या तर तो सरपंचपदासाठी अपात्र ठरू शकतो. मासिक सभा वेगळ्या. नोकरी न सोडता शनिवार-रविवारी कारभार बघीन असा विचार असेल, तर आधी शिफ्टचं वेळापत्रक आणि हा कायदा शेजारी ठेवून बघा. ‘नावाला मी, कारभार भाऊ बघेल’ हा मार्ग तर मुळीच नको. सह्यांची भानगड झाली की भाऊ बाजूला राहतो आणि कलम ३९ ची, म्हणजे पदावरून काढण्याची, चौकशी तुमच्यावर लागते.

आता राहण्याचा मुद्दा बाजूला ठेवून थोडं बोलतो, कारण उमेदवार ज्या खड्ड्यात पडतात ते बहुतेक वेगळेच असतात. तुमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्याला तर ते दिसतही नाहीत.

पहिला खड्डा घरपट्टीचा. ग्रामपंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा कर मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत भरला नसेल तर कलम १४ खाली अपात्रता येते. ‘घर वडिलांच्या नावावर आहे, माझा काय संबंध’ हे चालत नाही. एकत्र कुटुंबातल्या एकाची थकबाकी सगळ्यांना बांधते असं त्या कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे. दिलासा एवढाच की उमेदवारी अर्जासाठी ठरवलेल्या दिवसाआधी पैसे भरले तर अपात्रता राहत नाही. म्हणून वडिलांच्या, चुलत्यांच्या नावाच्या घरांची, नळाची, पडक्या वाड्याचीसुद्धा बाकी आजच काढून घ्या आणि पावत्या मूळ स्वरूपात जपा. ग्रामसेवक ऐन वेळी रजेवर जातो. का जातो ते गावात सगळ्यांना माहीत असतं.

दुसरा, अतिक्रमण. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा अपात्र. इथंही ‘आजोबांनी केलेलं’ हा बचाव आता पडला आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या जनाबाई प्रकरणात सांगितलं की कुटुंबीयांनी केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा लाभ घेणाराही त्यात येतो. गावठाणातलं तुमचं घर सरकारी जागेत पायरीभर जरी पुढं आलं असेल, तरी मोजणी करून घ्या. निवडणुकीनंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे पडणाऱ्या अर्जांत मी सर्वात जास्त पाहतो ते याच मुद्द्यावरचे.

तिसरा, अपत्यांचा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर संपलं. दत्तक दिलं म्हणून संख्या कमी होत नाही. ओडिशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हेही स्पष्ट केलं. शौचालयाची अट आहेच: राहत्या घरी आहे आणि वापरतो, असं ग्रामसभेच्या ठरावासह ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र. गंमत बघा, त्या प्रमाणपत्रात तुम्ही कुठल्या घरात राहता हे आपोआप येतं, म्हणजे यादीत मिटलेला रहिवासाचा प्रश्न संडासाच्या दारातून पुन्हा आत येतो. सातवी पासची अट १ जानेवारी १९९५ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना, तेव्हा तुम्हाला ती लागू नाही.

सरपंचपद राखीव निघालं तर रहिवासाचा आणखी एक, खूप जुना हिशोब उघडतो. जातीचा दाखला काढताना तुमचं घराणं ठरावीक तारखेला महाराष्ट्रात राहत होतं हे दाखवावं लागतं. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेनंतर दुसऱ्या राज्यातून आलेल्या कुटुंबाला इथला आरक्षणाचा लाभ मिळत नाही, जात तीच असली तरी. लोकसभेच्या राखीव जागेला मात्र कुठल्याही राज्यातल्या अनुसूचित जातीचा उमेदवार चालतो. विधानसभेला त्याच राज्यातला लागतो. पंचायतीत राखीव जागेवर जिंकल्यावर जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर निवड आपोआप रद्द होते. ही अट सक्तीचीच आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगून टाकलं. समितीकडून उशीर झाला या सबबीवर विसंबू नका, फाईलमागं स्वतः फिरा. कागद ऐन वेळी हातातून गेला तर काय होतं ते २०२४ मध्ये रामटेकला दिसलं. रश्मी बर्वे यांचं जात वैधता प्रमाणपत्र समितीनं रद्द केलं आणि लोकसभेचा त्यांचा अर्ज बाद झाला. काही महिन्यांनी उच्च न्यायालयानं समितीचा तो आदेशच रद्द ठरवला, पण निवडणूक तोवर होऊन गेली होती.

परदेशात असलेल्या भावाबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलेलं नसेल, तर पासपोर्टवरच्या पत्त्यावर सहा-अ अर्जानं तो मतदार होऊ शकतो. ही सोय २०११ पासून आहे. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असेल तर मतदानही नाही आणि उमेदवारीही नाही, कारण तो भारतीय नागरिकच राहिलेला नसतो. गोव्यात हा प्रश्न फार नाजूक आहे. तिथं पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी केलेल्या लोकांच्या नागरिकत्वावर वाद उठतो आणि तो उमेदवारीपर्यंत पोचतो.

पुढच्या निवडणुकांबद्दल. जिल्हा परिषदेला नाव सातारा जिल्ह्यातल्या यादीत हवं, म्हणजे खेडच्या नावावर तुम्ही पुणे जिल्हा परिषदेला उभे राहू शकता, साताऱ्याच्या नाही. आमदारकीला खेडचं नाव चालतं. पण बाहेरच्या मतदारसंघातल्या उमेदवारानं अर्जासोबत, किंवा उशिरात उशिरा छाननीच्या वेळी, आपल्या नावाच्या नोंदीची प्रमाणित प्रत दाखवावीच लागते. मोबाईलवरचा स्क्रीनशॉट नव्हे, नोंदणी अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याची प्रत. सूचक, म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, मात्र त्याच मतदारसंघातला लागतो, मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर एक, अपक्ष असेल तर दहा. त्या दहांतलं एक नाव जरी शेजारच्या मतदारसंघातलं निघालं तरी अर्ज गेला. वय २५ लागतं, ते तुमचं झालेलं आहे. अनामत विधानसभेला १०,०००, लोकसभेला २५,०००, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. प्रतिज्ञापत्रातला एकही रकाना कोरा सोडू नका. लागू नसेल तिथं ‘लागू नाही’ लिहा. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितल्यापासून कोरा रकाना अर्ज बाद करायला पुरतो.

आणि एवढं करूनही गावचा अर्ज चुकीनं बाद झाला तर? मधेच उच्च न्यायालयात जाऊन निवडणूक थांबवता येईल अशी आशा धरू नका. पंचायतीच्या बाबतीत संविधानाचं कलम २४३-ओ आडवं येतं, ते निवडणूक याचिकेखेरीज दुसऱ्या मार्गानं आव्हान देऊ देत नाही. १९५२ च्या पोन्नुस्वामी निकालापासून न्यायालयांची भूमिका हीच आहे: आधी निवडणूक पार पडू द्या, मग याचिका. ग्रामपंचायतीची याचिका निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे करावी लागते. विधानसभा-लोकसभेसाठी ४५ दिवस आणि उच्च न्यायालय. निवडून आल्यानंतर उद्भवलेल्या किंवा उघड झालेल्या अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि त्यांच्या निर्णयावर १५ दिवसांत अपील. छाननीच्या वेळी अधिकारी हरकतीवर जो लेखी निर्णय देईल, त्याची प्रत त्याच दिवशी अर्ज करून मागून घ्या. नंतर ती मिळवण्यात त्या पंधरा दिवसांतले निम्मे दिवस जातात.

तुमच्या पत्रात कुठं आलेलं नाही, पण विचारून ठेवा: पत्नीचं नाव कुठल्या यादीत आहे? सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं, तर तुमच्या गटाचा पहिला फोन त्यांना येईल. स्थलांतराचा अर्ज द्यायचा ठरला, आणि दोघंही खरोखर गावी येणार असाल, तर तो दोघांचाही एकाच वेळी द्या.